आकडा खरा बोलतो का?

कार्ब्युरेटरच्या गाड्या होत्या तोवर मिस्त्री स्पार्क प्लग काढून त्याचा रंग बघत. टोकावर काजळी धरलेली असली तर पेट्रोल जास्त जातंय, पांढुरकं पडलेलं असलं तर कमी, फिकट तपकिरी असलं तर प्लग परत बसवा आणि बॉनेट लावा. हल्ली हौशी मंडळी डॅशबोर्डवर एक गोल मीटर लावतात. तो १४.७, १२.५, ११.८ असे आकडे दाखवतो, म्हणजे एक किलो पेट्रोलमागे इंजिनाने किती किलो हवा घेतली ते. प्लगच्या रंगावरून दोन मिस्त्र्यांत वाद होई. दशांशाशी मात्र कुणी भांडत नाही. टर्बो लावलेलं इंजिन पूर्ण ॲक्सिलरेटरवर असताना मीटर १२.५ दाखवत असेल आणि आत खरं प्रमाण १३.५ असेल, तर पिस्टनची खैर नाही. म्हणून या मीटरचीच आधी उलटतपासणी घ्यायला हवी.

आकडा ज्याच्या जोरावर येतो तो सेन्सर सायलेन्सरच्या पाइपात बसतो. बॉशचा एलएसयू ४.९ हा त्यातला सगळ्यांच्या ओळखीचा. त्याचा जीव झिर्कोनिया या सिरॅमिकमध्ये आहे. हे सिरॅमिक थंड असताना विजेला दाद देत नाही. लालबुंद तापलं की ऑक्सिजनचे आयन त्यातून वाट काढू लागतात. जर्मनीत वॉल्टर नेर्न्स्ट यांनी १८९७च्या सुमारास याच जातीच्या पदार्थाची कांडी वापरून विजेचा दिवा केला होता. तो पेटवण्याआधी कांडी तापवावी लागे, आणि टंगस्टनच्या तारेपुढे तो टिकला नाही. तापवण्याची ती कटकट मात्र सेन्सरने वारशात घेतली. म्हणून त्याच्या पोटात हीटर असतो आणि तो सुमारे ७८० अंश सेल्सिअस तापमान धरून ठेवतो.

बॉशचा पहिला लॅम्डा सेन्सर १९७६मध्ये व्होल्व्होच्या गाडीत आला. त्याला एवढंच कळे, की मिश्रण नेमक्या प्रमाणाच्या, म्हणजे १४.७च्या, अलीकडे आहे की पलीकडे. किती, ते विचारू नये. एलएसयू ४.९सारख्या वाइडबँड सेन्सरने ती उणीव एका युक्तीने भरली. त्यात दोन घट असतात आणि मध्ये एक बारीक पोकळी, जिच्यात धूर झिरपतो. पहिला घट पोकळीतल्या ऑक्सिजनचा अंदाज देतो. दुसरा घट म्हणजे पंप; वीज दिली की तो तिथला ऑक्सिजन बाहेर ओढतो किंवा आत ढकलतो. पहिल्या घटावर ४५० मिलिव्होल्ट कायम राहतील इतकाच पंप चालवायचा, हे सेन्सरला जोडलेल्या कंट्रोलरचं काम. पंपाला किती प्रवाह लागला, कोणत्या दिशेने लागला, त्यावरून मिश्रण कळतं. ऑक्सिजन थेट मोजण्यापेक्षा तो हलवायला लागलेली मेहनत मोजायची, ही कल्पना मला फारच आवडते.

तपासणीची सुरुवात फुकटात होते. वजनकाटा तपासायला प्रमाणित वजन लागतं. इथे ते वजन उघड्यावर पसरलेलं आहे. कोरड्या हवेत ऑक्सिजन २०.९ टक्के, पुण्यातही तेवढाच आणि स्टुटगार्टमध्येही तेवढाच. सेन्सर काढून मोकळ्या हवेत टांगायचा, तापू द्यायचा. मीटर लीनच्या, म्हणजे जास्त हवेच्या, टोकाला जाऊन स्थिर राहायला हवा. बंद गॅरेजात, शेजारी दुसरी गाडी धूर सोडत असताना हे करणारे लोक आहेत. त्यांचं कॅलिब्रेशन त्या धुरासाठी उत्तम होतं.

सेन्सर न काढताही हीच परीक्षा घेता येते. इंजेक्शनची गाडी घाटातून उतरताना गिअरमध्ये ठेवून ॲक्सिलरेटरवरून पाय उचलला की इंजिनाचा संगणक (ईसीयू) पेट्रोल तोडतो आणि सायलेन्सरमधून नुसती हवा जाते. मीटरने तेव्हा चटकन लीनकडे धाव घ्यायला हवी. तो रेंगाळला तर सेन्सर काजळलेला किंवा म्हातारा झालेला असू शकतो. मग सपाट रस्त्यावर एका वेगाने चालवून बघा. कंपनीचा स्वतःचा सेन्सर मिश्रण नेमक्या प्रमाणाभोवती धरून ठेवतो, तेव्हा मीटर १४.७च्या आसपास हवा. आयडलिंगला लीन आणि जोर लावल्यावर ठीक दिसत असेल, तर सेन्सरच्या आधीच्या जोडातून बाहेरची हवा शिरतेय का, ते बघावं.

रिच, म्हणजे जास्त पेट्रोलची, बाजू तपासायला काही जण लायटरचा न पेटवलेला गॅस सेन्सरवर सोडतात. आकडा लगेच खाली कोसळतो, पण तापलेला सेन्सर आणि पेट्रोलचा वास एका खोलीत असताना मी हा उद्योग सुचवणार नाही.

सेन्सर धडधाकट असूनही आकडा फसवतो, तो असा. मिसफायर झाला की न जळलेलं पेट्रोल आणि त्याच्या वाटचा ऑक्सिजन दोन्ही बाहेर येतात. सेन्सर त्या ऑक्सिजनलाच भुलतो आणि पेट्रोल वाया जात असताना लीन सांगतो. दुसरं, १४.७ हा आकडा सेन्सर मोजतच नाही. तो लॅम्डा, म्हणजे घेतलेली हवा आणि नेमकी लागणारी हवा यांचं गुणोत्तर, मोजतो आणि मीटर त्याला १४.७ने गुणतो. आपल्या पंपावरच्या ई-२० पेट्रोलला खरं तर साधारण १३.५ पट हवा पुरते. मीटर तरी १४.७च दाखवत राहतो. त्यापेक्षा पडद्यावर सरळ लॅम्डा लावावा. बीएस-४ पेट्रोल गाड्यांच्या पीयूसीच्या नियमातही चढ्या आयडलिंगला लॅम्डाच मागितलाय, १ अधिक-उणे ०.०३.

उरलेली गडबड वायरिंगमध्ये सापडते. इनोव्हेट कंपनीच्या कंट्रोलरमधून लॅपटॉपकडे जाणाऱ्या वायरवर शून्य व्होल्ट म्हणजे ७.३५ आणि पाच व्होल्ट म्हणजे २२.३९. अर्थिंग कच्चं असलं आणि वाटेत ०.१ व्होल्टचा फरक पडला, तर लॅपटॉपवरचा आकडा मीटरपेक्षा ०.३ने वेगळा येतो. मल्टिमीटर लावला की हे पाच मिनिटांत कळतं. सेन्सरच्या कनेक्टरमध्ये मात्र एक बारीक रेझिस्टर असतो. प्रत्येक सेन्सरच्या प्रकृतीनुसार तो कारखान्यात जुळवलेला असतो. वायर लांबवायची म्हणून कुणी तो कनेक्टर कापून टाकला, तर कंट्रोलरला हा सेन्सर कसा आहे ते कळायला काही मार्ग राहत नाही, आणि मीटर तरीही दशांशापर्यंत आकडा दाखवत राहतो.