हवेच्या खांद्यावर पाणी

अलेक्झांड्रियाच्या हेरॉनने इसवी सनाच्या पहिल्या शतकात ‘न्यूमॅटिका’ हा ग्रंथ लिहिला. त्यात एका शोभेच्या चौथऱ्याचं वर्णन आहे. चौथऱ्यावर मद्याची पखाल घेतलेला वनदेव, त्याच्यापुढे काठोकाठ भरलेलं घंगाळ. पखालीतून घंगाळात धार पडत राहते, तरी ते ओसंडत नाही. कुठे बैल नाही, रहाट नाही, पाणी ओढणारा माणूस नाही.

सगळी करामत चौथऱ्याच्या पोटात आहे. तिथे एकाखाली एक असे दोन हवाबंद कप्पे. वरचा आधीच पाण्याने भरून ठेवलेला; खालचा रिकामा, म्हणजे हवेने भरलेला. पहिली नळी घंगाळातून थेट खालच्या कप्प्याच्या तळाशी उतरते. दुसरी खालच्या कप्प्याच्या माथ्यापासून निघून वरच्या कप्प्याच्या माथ्याशी उघडते. तिसरी वरच्या कप्प्याच्या तळापासून पखालीच्या तोंडापर्यंत जाते. घंगाळातलं पाणी खाली उतरतं आणि तिथली हवा दाबली जाते. तिला निसटायला दुसरी नळी ही एकच वाट. वरच्या कप्प्यात शिरून ती तिथलं पाणी रेटते आणि ते तिसऱ्या नळीतून धार होऊन बाहेर येतं.

धार किती चढेल? घंगाळातल्या आणि तळच्या कप्प्यातल्या पाण्याच्या पातळ्यांत जेवढं अंतर, तेवढी तिची कमाल झेप. ती मोजायची वरच्या कप्प्यातल्या पाण्यापासून. घर्षणामुळे प्रत्यक्षात थोडी कमी. एक मीटर उंचीचं पाणी हवेचा दाब जेमतेम एक दशांश वातावरणाने वाढवतं, पण कारंज्याला तेवढा पुरतो. तळचा कप्पा भरत जातो तशी धार खचते आणि वरचा रिकामा झाला की थांबते. अखंड चालणारं यंत्र म्हणून लोक आजही हे कारंजं दाखवतात, ते खरं नाही. इथे एक पाणी खाली पडतं म्हणून दुसरं वर चढतं, आणि पडणाऱ्याचं बळ चढणाऱ्याकडे हवा पोचवते. मला या यंत्राचं खरं वैभव या देवघेवीतच दिसतं.

त्यासाठी हवा ही वस्तू आहे, ती जागा अडवते, हे आधी पटायला हवं होतं. हेरॉन ग्रंथाच्या सुरुवातीलाच ते पटवून देतो: पालथं भांडं पाण्यात सरळ दाबा, पाणी आत भरत नाही. ही विद्या त्याच्या एकट्याची नव्हती. त्याच्या सुमारे तीनशे वर्षं आधी याच शहरात क्टेसिबिअसने, एका न्हाव्याच्या मुलाने, दाबलेल्या हवेवर चालणारा जल-ऑर्गन बनवला होता. पुढे नवव्या शतकात बगदादच्या बनू मूसा बंधूंनी आकार बदलणारी कारंजी रचली. सोळाव्या शतकात इटलीत तिवोलीच्या व्हिला द एस्तेमध्ये पाण्याने रेटलेल्या हवेवर धातूचे पक्षी गाऊ लागले, आणि घुबड वळलं की गप्प होऊ लागले. ती कल्पनाही हेरॉनच्याच ग्रंथातली.

या सगळ्याला ‘खेळणी’ म्हणून बाजूला सारणं मला अन्यायाचं वाटतं. १७५० च्या दशकात जोसेफ कार्ल हेल या अभियंत्याने आजच्या स्लोव्हाकियातल्या श्टिआव्हनिकाच्या खाणींमध्ये हेच तत्त्व कामाला लावलं. उंचावरून आणलेलं पाणी बंद टाकीत हवा दाबायचं. ती हवा नळीने खोल खाणीतल्या दुसऱ्या टाकीत जायची आणि तिथे साचलेलं पाणी वर ढकलायची. काम झाल्यावर तोटी उघडली की दाबातून सुटलेली हवा एकदम प्रसरण पावून इतकी गार व्हायची, की तिच्यातल्या बाष्पाचा बर्फ होऊन तोटीच्या तोंडातून बाहेर पडायचा.