बारा जणांची बैठक

आज नाताळ. येशू ख्रिस्ताच्या जन्मकथेवर अनेक अधिकारी लेखकांनी आजवर लिहिले आहे; त्यात मी भर घालावी असे काही नाही. मी कीर्तनकार. समुदाय जमतो कसा आणि जमलेला समुदाय टिकतो कशाने, हा माझ्या जन्माच्या चिंतनाचा विषय. म्हणूनच चर्चमधील भव्य उपासनेपेक्षा तेथील एका लहानशा प्रथेकडे माझे लक्ष अधिक वेधले जाते. चर्चचे दहाबारा सभासद आठवड्यातून एकदा कोणाच्या तरी घरी जमतात, बायबलचा एखादा भाग वाचतात, त्यातून आपल्याला काय उमगले ते प्रत्येकजण सांगतो, एकमेकांच्या अडचणींसाठी प्रार्थना होते, आणि चहा घेऊन मंडळी उठतात. मराठी ख्रिस्ती मंडळी यास 'सहभागिता' म्हणतात. मूळ ग्रीक शब्द 'कोइनोनिया'. 'कोइनोस' म्हणजे सामाईक, त्यापासून तो सिद्ध झाला. शेजारी शेजारी बसणे एवढाच त्याचा अर्थ नव्हे. एकाच वस्तूत सर्वांचा वाटा असणे, हा त्याचा गाभा होय.

या प्रथेस आज जे रूप आहे, त्याचा मोठा वाटा इंग्लंडातील जॉन वेस्ली या धर्मोपदेशकाकडे जातो. त्याचा जन्म १७०३ सालचा, लिंकनशायरमधील एपवर्थ गावचा. वडील तेथील चर्चचे धर्मगुरू. परंतु या गोष्टीचा आरंभ वडिलांपासून नव्हे, आईपासून होतो. १७११-१२ च्या हिवाळ्यात वडील धर्मसभेसाठी लंडनला गेले असता सुझानाबाई रविवारी सायंकाळी मुलांना व नोकरचाकरांना घेऊन प्रार्थना करीत व एखादे प्रवचन वाचून दाखवीत. शेजारी येऊ लागले. होता होता दोनशेपर्यंत माणसे त्या घरात दाटू लागली. वडिलांच्या जागी नेमलेल्या उपगुरूंना हे रुचले नाही. त्यांची तक्रार लंडनला गेली, आणि बाईंनी हे थांबवावे असे पतीचे पत्र आले. बाईंनी कळविले की, थांबवायचे असेल तर स्पष्ट आज्ञा करावी, म्हणजे देवापुढे जाब देण्याची पाळी माझ्यावर येणार नाही. तशी आज्ञा आली नाही! याच माउलीने आठवड्यातील एकेक सायंकाळ एकेका मुलासाठी राखून ठेवली होती. त्या वेळी त्या मुलाशी एकांतात त्याच्या मनाची विचारपूस व्हायची. जॉनचा वार गुरुवार.

पुढे ऑक्सफर्डला १७२९ पासून काही तरुण एकत्र बसून ग्रीक भाषेतील नवा करार वाचू लागले, तुरुंगातील कैद्यांना भेटू लागले. त्यांच्या काटेकोर नियमांमुळे इतरांनी थट्टेने त्यांना 'मेथडिस्ट' म्हटले. तेच नाव पंथाला चिकटले. परंतु बारा जणांच्या बैठकीचा जन्म विद्यापीठात झाला नाही. तो झाला कर्जातून.

ब्रिस्टल शहरात १७३९ साली उभारलेल्या सभागृहावर कर्ज होते. १५ फेब्रुवारी १७४२ रोजी ते फेडण्याच्या विचारासाठी मंडळी जमली. प्रत्येकाने आठवड्याला एक पेनी द्यावी असे ठरले. कोणी म्हणाले, गरिबांनी कोठून द्यावी? तेव्हा फॉय नावाच्या एका कप्तानाने सुचविले की, अकरा गरीब माझ्याकडे द्या. मी दर आठवड्यास त्यांच्याकडे जाईन, जो देऊ शकणार नाही त्याची पेनी मी भरीन. अशा रीतीने सर्व सभासदांचे बाराबाराचे वर्ग पडले. वर्गणी गोळा करणारे घरोघर जाऊ लागले आणि दारात उभे राहताच त्यांना पेनीखेरीज पुष्कळ काही दिसू लागले. अमका जसे राहायला हवे तसे राहत नाही, असे ते वेस्लीला येऊन सांगू लागले. वेस्लीच्या ध्यानात आले की, आपण बरेच दिवस शोधीत होतो ते साधन हेच!

घरोघर जाण्याची रीत पुढे बदलली. त्याची कारणे वेस्लीने लिहून ठेवली आहेत, आणि ती मोठी व्यवहारी आहेत. पुष्कळजण दुसऱ्याच्या घरी चाकरीला. मालक भेटू देत नसत. भेट झालीच तर चारचौघांदेखत, मग मनातले बोलायचे कसे? शिवाय एकजण एक सांगे, दुसरा त्याचे उलट सांगे. समोरासमोर बसविल्याखेरीज उलगडा होईना. म्हणून बाराही जणांनी आठवड्यातून एकदा एकत्र बसावे असे ठरले. नायक प्रत्येकाला विचारी, हा आठवडा कसा गेला? पुष्कळ वर्गांच्या नायक स्त्रिया होत्या, हेही सांगितले पाहिजे. प्रवेशाला विद्वत्ता लागत नसे. पापापासून सुटण्याची तळमळ एवढीच अट. मात्र ती वागण्यात दिसली पाहिजे.

ही दुसरी बाजू कठोर होती. १७४३ च्या मार्चमध्ये न्यूकॅसल येथे वेस्लीने ६४ जणांना काढून टाकले. सतरा दारूसाठी, तिघे खोटे बोलण्यासाठी, एकजण बायकोला मारल्यासाठी, एकजण आळसासाठी, आणि तब्बल एकोणतीस जण निव्वळ उथळपणा व बेफिकिरीसाठी! ही शेवटची कसोटी आमच्याकडे लावली तर सभामंडप ओस पडेल. कदाचित कीर्तनकारही उरणार नाही. दुसऱ्याच्या अंतःकरणात डोकावण्याच्या या अधिकाराचे मला भयही वाटते. सांगणाऱ्याची लाज राखणारा नायक नसेल, तर अशा बैठकीचा कुटाळकीचा कट्टा व्हायला वेळ लागत नाही. पुढे एकोणिसाव्या शतकात पुष्कळ ठिकाणी या वर्गांना कळाही आली. तीच माणसे तेच पाठ केलेले अनुभव सांगत. विचारणाऱ्याला उत्तर आधीच ठाऊक असे.

तरीही १७९१ साली वेस्ली निवर्तला तेव्हा ब्रिटन व आयर्लंड मिळून त्याचे सत्तर हजारांवर अनुयायी होते, आणि ते टिकले ते या बैठकींमुळे. मुंबईतही ही प्रथा आली. १८७१ साली विल्यम टेलर नावाचे अमेरिकन मेथडिस्ट उपदेशक तेथे उतरले. त्यांनी आधी देऊळ बांधले नाही, लोकांच्या घरांतून अशा लहान मंडळ्या बसविल्या. पगार नाकारून गरिबांच्या वस्तीत राहणारे जॉर्ज बोवेन हे मुंबईतील त्यांचे सहकारी.

या सर्वांत मला विशेष वाटते ते नायकाच्या वहीचे. तीत प्रत्येकाच्या नावापुढे दर आठवड्याला खूण होई. आणि न येणाऱ्याचीही नुसती गैरहजेरी नसे. आजारी, कामात, परगावी, की हयगय, हे निरनिराळ्या अक्षरांनी नोंदलेले असे. म्हणजे कोणीतरी जाऊन विचारलेले असे.

चाळीस वर्षे मी कीर्तन करतो आहे. श्रवण ही नवविधा भक्तीतील पहिली भक्ती, हे मीच शेकडो वेळा प्रतिपादले. माझ्या समोर, डाव्या खांबाला टेकून, एक वृद्ध गृहस्थ वर्षानुवर्षे बसत. पूर्वरंगात डोळे मिटलेले, उत्तररंग सुरू झाला की उघडत. एका चातुर्मासात ते दिसेनासे झाले. दिसेनासे झाले हेही मला चार महिन्यांनी जाणवले, आणि चौकशी केली तेव्हा कळले की, ते आषाढातच गेले. शेवटचे महिनाभर अंथरुणाला खिळून होते. घर मंदिरापासून तिसऱ्या गल्लीत. त्यांचे नाव मला त्या दिवशी प्रथम समजले.

त्या खांबाशी आता दुसरे एकजण बसतात. मागच्या एकादशीला कीर्तन आटोपल्यावर, वीणा खाली ठेवून, मी त्यांच्याजवळ जाऊन बसलो. ते संकोचले, मीही संकोचलो. काय विचारावे ते सुचेना, म्हणून नाव विचारले, मग गल्ली. पुढल्या एकादशीला ते आपल्या धाकट्या भावाला घेऊन आले, आणि आरतीनंतर तिघे आम्ही पायरीवर बराच वेळ बसलो होतो.