नववा बुधवार

कधी बुधवारी संध्याकाळी माहीम स्टेशनला उतरलात, तर एक करा. कुणालाही पत्ता विचारू नका. नुसतं गर्दीच्या मागे चालत राहा. ऑफिसची बॅग लटकवलेल्या मुली, कॉलेजची पोरं, हातात फुलं घेतलेल्या काकू, एखादं नवीन लग्न झालेलं जोडपं. ही सगळी गर्दी सेंट मायकल चर्चच्या दारात जाते. बाहेर मेणबत्त्यांचे स्टॉल. तिथे मेणाचं घर मिळतं, मेणाचं बाळ मिळतं, मेणाचा हात, मेणाचा पाय. जे हवंय किंवा जिथे दुखतंय, ते मेणाचं घ्यायचं आणि आत नेऊन वाहायचं.

सदैव मदतीला धावून येणाऱ्या मरियामातेचा हा नोव्हेना. लॅटिनमध्ये ‘नोव्हेम’ म्हणजे नऊ, म्हणून नऊ बुधवार. ८ सप्टेंबर १९४८ला, मरियेच्या जन्मदिनाच्या सणाला, इथे हा नोव्हेना सुरू झाला. तेव्हापासून दर बुधवारी माणसं येतात. त्यातली कितीतरी ख्रिस्ती नसतात. कुणी त्यांना जात-धर्म विचारत नाही.

आणि इथे पत्रं लिहितात! हो, कागदावर, पेनाने. काही पत्रं मागण्याची, काही आभाराची. त्यातली काही प्रार्थनेच्या वेळी वाचून दाखवतात. मूल झालं, व्हिसा मिळाला, नवऱ्याची दारू सुटली, गाठ साधी निघाली. ऐकता ऐकता तुमच्याही घशात काहीतरी अडकतं.

‘चांगला’ म्हणजे काय गं?

मी वसईची. आमची आजी वर्षानुवर्षं माहीमला जायची. बी.कॉम. झाल्यावर माझे सात इंटरव्ह्यू फुकट गेले, तेव्हा तिने मला हाताला धरून नेलं. मी वैतागून पत्र लिहिलं : ‘मला चांगला जॉब मिळू दे.’

आजीने कागद मागितला. वाचला. म्हणाली, ‘चांगला म्हणजे काय गं बाय? तुला तरी कळलंय का?’

राग आला, पण दुसरा कागद घेतला. विचार करून लिहिलं : बाबांच्या ऑपरेशनचं कर्ज फिटेल इतका पगार आणि रात्री आठच्या आत घरी पोहोचता येईल असं ऑफिस. लिहून झालं आणि माझीच ट्यूब पेटली. मी सगळे अर्ज अंधेरी आणि लोअर परळला टाकत होते. वसईत एकही टाकला नव्हता! त्याच आठवड्यात टाकले. दोन महिन्यांनी वालीवच्या एका कारखान्यात अकाउंट्सला लागले.

आजी म्हणाली, ‘मागायला आलीस, तशी सांगायलाही ये.’ मग आभाराचं पत्र लिहिलं.

हे सगळं मी ऑफिसातल्या मित्राला सांगितलं. तो हसला. ‘ज्यांचं काम झालं ते आभाराचं पत्र लिहितात. ज्यांचं झालं नाही, ते परत येतच नाहीत. मग तुला उत्तरंच दिसणार ना!’

मला उत्तर सुचलं नाही. तुम्हाला सुचतंय का? खरं सांगा. कारण त्याचं म्हणणं चुकीचं नव्हतं.

सहा झाले, तीन उरले

मग आजीच्या किडन्या गेल्या. मंगळवार, गुरुवार, शनिवार डायलिसिस. बुधवार मोकळा. मी ठरवलं, नऊ बुधवार करायचे. ऑफिस सुटलं की लोकलने अंधेरी, तिथून स्लो पकडून माहीम. या वेळी पत्रात काहीच मोघम ठेवलं नाही. ‘आजीला बरं कर. क्रिएटिनीन खाली येऊ दे.’ आकडासुद्धा लिहिला!

पाचव्या बुधवारनंतर आजीने विचारलं, ‘काय मागतेस गं?’ मी सांगितलं. ती बराच वेळ पंख्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, ‘बरं कर, असं नको मागू आता. रात्री भीती वाटते. ती वाटू नये, एवढं माग.’

सहाव्या बुधवारी मी तसं लिहिलं. पण खाली आधीची ओळही लिहिली. आजीला सांगितलं नाही.

पुढच्या सोमवारी पहाटे आजी गेली.

उरलेल्या तीन बुधवारांचं काय करायचं, हे कुठल्याच पुस्तकात लिहिलेलं नसतं. सातव्या आणि आठव्या बुधवारी मी गेले नाही. मित्राचं वाक्य डोक्यात होतं. मीच आता ती परत न येणारी झाले होते.

केडगावच्या विहिरी

त्या दिवसांत मी पंडिता रमाबाईंबद्दल वाचत होते. शाळेत आपण त्यांच्यावर चार ओळी शिकतो. विद्वान, समाजसुधारक, शारदा सदन, संपला धडा. पण या बाईंचा प्रार्थनेवर जबरदस्त भरवसा होता. इंग्लंडमधल्या ब्रिस्टलला जॉर्ज म्युलर यांनी लोकांकडे पैसे न मागता, फक्त प्रार्थनेच्या बळावर अनाथाश्रम चालवले आणि मिळालेल्या उत्तरांची लेखी नोंद ठेवली. त्यांचं चरित्र रमाबाईंनी वाचलं होतं. १८९६-९७च्या दुष्काळात त्यांनी शेकडो मुली-बायकांना आसरा दिला, पुण्याजवळ केडगावला ‘मुक्ती’ उभं केलं.

पण नीट बघा. रमाबाई नुसत्या गुडघ्यावर बसून राहिल्या नाहीत. जमीन घेतली, विहिरी खणून घेतल्या, मुलींना छपाईसुद्धा शिकवली. पाण्यासाठी प्रार्थना आणि हातात कुदळ, दोन्ही एकदम. म्हणून देवावर विश्वास आहे म्हणत कुणी औषध बंद करायला सांगितलं, तर त्याचं अजिबात ऐकू नका. आमच्या आजीचा एकही डायलिसिस चुकला नव्हता.

आणि याच रमाबाईंची एकुलती एक लेक, मनोरमा, १९२१मध्ये गेली. आईच्या आधी. पुढच्या एप्रिलमध्ये रमाबाई गेल्या. उत्तरं मिळाल्याची साक्ष देणाऱ्या बाईलाही हे चुकलं नाही. तरी शेवटपर्यंत त्या मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून केलेल्या बायबलच्या मराठी भाषांतराचं काम करत होत्या.

मग बायबलच उघडलं. लहानपणापासून ऐकलेल्या गोष्टी पहिल्यांदा नीट दिसल्या. पकडून नेलं त्याच रात्री, त्याच्या थोडं आधी येशू गेथशेमाने बागेत हे दुःख टळू दे म्हणून विनवतो. टळत नाही. संत पौल अंगातला काटा निघावा म्हणून तीनदा मागतो. निघत नाही. पुरून उरेल इतकी कृपा आहे, एवढंच उत्तर मिळतं. आणि स्तोत्रसंहिता! त्यातली कितीतरी स्तोत्रं म्हणजे देवाकडे केलेली चक्क तक्रार आहे. ‘कुठे आहेस तू?’ असं थेट विचारणारी. ती कुणी पुस्तकातून काढून टाकली नाहीत. तीही प्रार्थनाच.

म्हणजे ज्यांचं काम झालं नाही, त्यांची पत्रंही जपून ठेवलेली आहेत. मित्राला द्यायला उत्तर सापडलं, पण त्याआधी ते मलाच हवं होतं.

दोन पत्रं

तुम्ही कुठल्याही धर्माचे असा, किंवा कुठल्याच नसा. परीक्षेच्या आदल्या रात्री, आयसीयूच्या बाहेर, ‘टायपिंग...’ दिसून मेसेज न आल्यावर, तुम्हीही कुणाकडे तरी काहीतरी मागितलंच असणार. पुढच्या वेळी मागाल, तेव्हा नेमकं मागा. मागून झालं की आपल्या वाटची कुदळ उचला. मिळालं तर सांगायला जा. आणि नाही मिळालं, तरी जा. भांडायला जा, पण जा.

मी नवव्या बुधवारी गेले. बाहेरच्या स्टॉलवरून साधी मेणबत्ती घेतली, मेणाचं काहीच नाही. आत बसून दोन पत्रं लिहिली.

पहिल्यात लिहिलं : आजीला बरं कर म्हटलं होतं, केलं नाहीस. मला अजून राग आहे.

दुसऱ्यात शेवटच्या रात्रीचं लिहिलं. पहाटे तीनला आजी जागी झाली होती. मी विचारलं, लाइट लावू का? ती म्हणाली, ‘नको, राहू दे.’ आणि माझा हात धरून झोपली. महिनाभर तिने खोलीतला लाइट बंद करू दिला नव्हता.

खाली लिहिलं : आभारी आहे. आणि दोन्ही पत्रं टाकली.