पोरं, मुंबई आणि बारा वाजताची भूक

दिवाळीच्या सुट्टीत मुलांना मुंबई दाखवायला येणारी मंडळी ठिकाणांची यादी चोख करून येतात. राणीची बाग, म्युझियम, गेटवे, तारांगण, म्हातारीचा बूट. खाण्याचं मात्र ‘बघू वाटेत’. मग दुपारी दीड वाजता फोर्टातल्या फुटपाथवर धाकटं कडेवर पेंगतंय, थोरलं ‘इथे नाही खायचं’ म्हणून अडून बसलंय आणि बाबा मोबाइलवर कुठल्या हॉटेलाला किती तारे ते बघत उभे, असं दृश्य दिसतं. हे तारे मोठ्या माणसांनी मोठ्यांसाठी दिलेले असतात. बसल्यावर पहिला घास किती मिनिटांत मिळेल, हे त्यांत कुठेच लिहिलेलं नसतं. आणि लहान मूल बरोबर असताना खरी गरज तेवढीच असते.

मुंबईत यावरचा तोडगा जुना आहे. गंमत म्हणजे तो मुलांसाठी काढलेलाच नव्हता. उडप्याची हॉटेलं आणि इराण्यांची कॅफे वाढली ती मुख्यतः एकट्या राहणाऱ्या पुरुषांच्या जिवावर: गिरणीतला कामगार, फोर्टातला कारकून, दक्षिणेतून नोकरीला आलेला आणि खोलीत चूल नसलेला माणूस. त्याला खाणं स्वस्त हवं, लवकर हवं आणि रोज त्याच चवीचं हवं. चार वर्षांच्या मुलाच्या मागण्या याहून वेगळ्या नसतात. शिवाय गडबड-गोंगाट या हॉटेलांच्या अंगवळणी पडलेला. पेला पालथा झाला तरी पोऱ्या फडकं मारून पुढे जातो, कुणी वळूनही बघत नाही.

राणीच्या बागेचा बेत असेल तर जेवायला माटुंगा गाठावं. भायखळ्याहून धीम्या लोकलने पाचवं स्टेशन. जलद गाडीत चढू नका, ती तिथे थांबत नाही. स्टेशनबाहेर पूर्वेला रामाश्रय, 1939 सालचं. किंग्ज सर्कलजवळ कॅफे मद्रास, 1940 चं. आणि स्टेशनालगत जिना चढून गेलं की ए. रामा नायक यांनी 1942 मध्ये काढलेलं उडुपी श्रीकृष्ण बोर्डिंग, जिथे केळीच्या पानावर जेवण वाढतात. पानावर वाढतात या एका गोष्टीवर एरवी भाताला तोंड न लावणारी पोरं मुकाट्याने रसम-भात खाताना दिसतात.

ऑर्डर कशी द्यायची, याचंही एक तंत्र आहे. इडल्या आधीच वाफवून तयार असतात, त्यामुळे सांगितल्या की येतात. डोसा तव्यावर घालायचा असतो, त्याला वेळ लागतो. म्हणून बसता क्षणी मुलासाठी इडली सांगून टाकावी आणि मोठ्यांनी कार्ड मागाहून वाचावं. ‘सांबार वेगळं’ हे शब्द विसरू नका, नाहीतर इडली सांबारात बुडून येते आणि पहिल्याच घासाला पोर भोकाड पसरतं. चटणी पांढरी दिसली तरी तिच्यात हिरवी मिरची असते. लहानग्याला तूप किंवा लोणी बरं. रामाश्रयचा अननसाचा शिरा मोठ्यांनी मागवला तरी तो मोठ्यांच्या वाट्याला फारसा येत नाही. रविवारी सकाळी इथे जाण्याचा मोह टाळा. बाहेर नाव सांगून ताटकळावं लागतं, आणि आत टेबल अनोळखी माणसांबरोबर वाटून घ्यावं लागतं ते वेगळंच.

इराण्यांकडे जायचं ते न्याहारीला किंवा चारच्या चहाला. धोबीतलावला मेट्रो सिनेमासमोरचं कयानी 1904 पासून उभं आहे. सीएसएमटीहून चालत जाण्याजोगं. बन-मस्का आणि मावा केक ही मुलांची हमखास ऑर्डर. ब्रून मात्र मागू नका, त्याची कडक पाठ चहात बुडवल्याशिवाय दुधाच्या दातांना झेपत नाही. बन मऊ असतो, मस्का दोन्ही बाजूंना लावलेला, आणि तो खाल्ल्यावर पोराच्या नाकाच्या शेंड्यापासून कोपरापर्यंत सगळं पुसावं लागतं. जोडीला लालभडक रासबेरी. बेलार्ड इस्टेटमधलं 1923 चं ब्रिटानिया हे मुख्यतः दुपारच्या जेवणाचं ठिकाण. तिथलं कॅरमल कस्टर्ड मुलांना आवडतं, पण कचेऱ्यांच्या जेवणाच्या सुट्टीआधी पोहोचलात तर.

दादरला शिवाजी पार्क धरून असाल तर प्रकाशमध्ये साबुदाणा वडा आणि पीयूष. श्रीखंड आणि ताकाचं ते पेय पोटभरीचं असतं, म्हणून मुलाच्या हाती आधी वडा द्यावा, पेला नंतर. शिवसेना भवनासमोरच्या आस्वादची मिसळ 2015 मध्ये लंडनमध्ये गौरवली गेली. ती तुम्ही खा, पोराला थालीपीठ-लोणी. मासे खाणाऱ्या घरांसाठी मालवणी-गोमंतकी खाणावळींनाही दादरला तोटा नाही. मुलाला सुरमईचा तुकडा द्यावा, मधला काटा काढला की काम झालं. बांगड्याशी झटापट घरीच करावी.

रात्री चौपाटीवर भेळ सुकी घ्यावी. पाणीपुरीच्या पाण्याची परीक्षा प्रवासात, निदान मुलांच्या पोटावर तरी, घेऊ नये. चर्चगेटच्या के. रुस्तममध्ये दोन पातळ वेफर्समध्ये आइस्क्रीमची वडी ठेवून देतात. ती चारही बाजूंनी वितळते, तेव्हा रुमाल हाताशी ठेवा आणि दुकानातून निघायच्या आतच संपवा.

आता अडचणीची बाजू. या जुन्या जागांमध्ये हात धुवायला बेसिन असतं, पण धड शौचालय असेलच असं नाही. बाळाची उंच खुर्ची, लंगोट बदलायला जागा, हे तर सोडूनच द्या. यात मॉलमधलं फूड कोर्ट सरस ठरतं, आणि तान्हं बाळ असेल तर मी बिनदिक्कत तिकडेच जा म्हणेन. थोडं मोठं मूल असेल तर प्रेक्षणीय स्थळ सोडण्याआधी तिथलंच शौचालय गाठायचं. छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात ती सोय आहे, शिवाय 2019 पासून मुलांसाठी स्वतंत्र दालनही आहे. तिथून मोकळं होऊनच खाण्याच्या शोधात निघावं.

वेळेचं म्हणाल तर बाराला टेबल धरा. एकला कचेऱ्या सुटतात आणि सगळं गणित बिघडतं. कॅफे मद्रास आणि रामा नायक सोमवारी बंद असतात, राणीची बाग बुधवारी. लक्ष्मीपूजन आणि पाडव्याला बऱ्याच हॉटेलांतली माणसं गावी जातात, तेव्हा त्या दोन दिवसांत निघण्याआधी एक फोन जरूर करा.