काळ्या मातीची खोटी साक्ष

घाटंजी तालुक्यातील सागाच्या रानात फाल्गुनाच्या सुमारास पाचोळ्याचा जो जाड थर साचलेला असतो, तो पाहून एवढा पाला दरसाल जमिनीत मुरत असता तीत कार्बनाचा मोठाच संचय झाला असला पाहिजे, असा समज शिकल्यासवरल्या माणसाचाही होतो. आणि शिवारातील मातीचा काळाभोर रंग त्या समजाला जणू साक्षच देतो. ही साक्ष खोटी आहे. त्या काळेपणाचे श्रेय बेसाल्टातून आलेल्या लोह-टायटॅनियमयुक्त खनिजांना आणि चिकणकणांना घट्ट बिलगलेल्या अल्पशा ह्यूमसला आहे; सेंद्रिय कार्बन म्हणावा तर आपल्याकडील पुष्कळ शेतांत तो अर्ध्या टक्क्याच्या आसपास किंवा त्याहूनही कमी भरतो.

मग पाल्यातील कार्बन जातो कोठे? कुजणे म्हणजे साठणे नव्हे. बुरशी, जीवाणू आणि उधई पान खातात व त्यातील बहुतेक कार्बन श्वासावाटे हवेत परत करतात. सागाचे पान कितीही राठ असले, तरी पावसाळ्याच्या दमट उष्म्यात त्याचा बराचसा भाग वर्षभरात नाहीसा होतो. जमाखर्चाच्या भाषेत बोलायचे, तर जमा भरपूर, परंतु खर्चही जवळजवळ तेवढाच, आणि चिकणमातीच्या आश्रयाने टिकून राहणारी शिल्लक थोडी.

खरा संचय पाहावयाचा तर पीटच्या, म्हणजे अर्धवट कुजलेल्या वनस्पतींच्या थरांच्या, दलदलींकडे वळले पाहिजे. तेथे पाला अधिक पडतो म्हणून कार्बन साठतो, ही समजूतही तितकीच चुकीची आहे. पाने, मुळे, खोडे तुंबलेल्या पाण्यात पडतात, प्राणवायू तेथवर पोचत नाही, कुजण्याची क्रिया रेंगाळते, आणि वर्षाकाठी सुमारे एक मिलिमीटर या संथ गतीने एक मीटर जाडीचा थर जमण्यास हजारेक वर्षे लागतात. पृथ्वीच्या भूभागाचा अवघा 3 टक्के हिस्सा व्यापणाऱ्या या जमिनींत जगातील मृदा-कार्बनाचा जवळजवळ तिसरा हिस्सा आहे. काँगोच्या खोऱ्यातील वृक्षाच्छादित दलदलीत सुमारे 3 हजार कोटी टन कार्बन असल्याचा अंदाज 2017 साली प्रसिद्ध झाला. अशा जमिनीस ‘पडीक’ ठरवून चर खणले, पाणी काढून दिले, की काय होते, हे इंडोनेशियाने 1997 च्या आगींत अनुभवले: जमीनच जळू लागली.

आपल्या ओढ्यांची उन्हाळ्यात वाळूच उरते, तेव्हा पीट येथे बनणे नाही. म्हणूनच जी थोडी शिल्लक आहे, तिची आबाळ करणे परवडणारे नाही. मोहफुले वेचणे सोपे व्हावे म्हणून झाडाखालचा पाचोळा पेटविणारे, किंवा शेतातली पऱ्हाटी जाळणारे, राखेने जमीन सुपीक होते असे सांगतात. राखेत पोटॅश व चुना उरतो, हे खरे. पण कार्बन आणि बहुतेक नत्र धुराबरोबर निघून जाते, आणि उघड्या पडलेल्या जमिनीवरून पहिलाच वळीव राखही वाहून नेतो. मोहाखालचा पाला झाडून बाजूला सारता येतो. त्यासाठी आगपेटीची गरज नाही.