रेड वाईनची प्रत बागेतच ठरते

एकाच गुऱ्हाळावर दोन शेतांतला ऊस गाळला, तरी गूळ सारखा उतरत नाही, हा आपला अनुभव आहे. नत्र जास्त झालेल्या उसाचा गूळ काळपट होतो व पावसाळ्यात लवकर पाघळतो. बेताचे खत दिलेल्या, निचऱ्याच्या जमिनीतील उसाचा गूळ पिवळा, कणीदार व टिकाऊ होतो. उसात नसलेला गुण गुळव्या काहिलीत आणू शकत नाही. फ्रान्समधील उंची रेड वाईनचेही असेच आहे.

उंची वाईन कशी ओळखतात?

फ्रान्सच्या नैर्ऋत्येस बोर्दो हा वाईनचा प्रसिद्ध प्रदेश आहे. तेथील मेदोक भागातील वाईनची प्रतवारी १८५५ साली झाली. किरकोळ बदल सोडता ती आजही मानली जाते. कॅबर्ने सोव्हिन्यों व मर्लो या तेथील मुख्य जाती होत.

या वाईनचा रंग गडद असतो. वास जांभूळ-करवंदासारख्या काळ्या फळांची आठवण देणारा असून त्यात लाकडाचा व तंबाखूच्या पानाचा गंध मिसळलेला असतो. गोडी जवळजवळ नसते. कडक कोऱ्या चहाने जीभ आखडते, तसा तुरटपणा असतो. हा तुरटपणा बाटलीत काही वर्षे मुरल्यावर मऊ होतो. आंबटपणा, तुरटपणा व मद्यार्क यांपैकी एकही वरचढ नसणे आणि घोटानंतर चव बराच वेळ रेंगाळणे, ही उंची वाईनची खूण मानतात.

हे गुण कोठून येतात?

१) साल : बहुतेक काळ्या द्राक्षांचा रस रंगहीन असतो. रंग सालीतून व तुरटपणा साल आणि बियांतून येतो. म्हणून रस सालीसकट आंबवतात. मणी लहान असेल, तर रसाच्या मानाने साल जास्त मिळते. खाण्याच्या द्राक्षात आपण जिब्रेलिक ॲसिड वापरून मणी फुगवतो. येथे नेमके उलटे हवे असते.

२) जमीन : मेदोकची उत्तम जमीन गोट्यांची व पाण्याचा निचरा होणारी आहे. त्यामुळे वेलीची वाढ आटोक्यात राहते.

३) मर्यादित उत्पादन : नामांकित गावांत हेक्टरी ठरावीक मर्यादेपर्यंतच वाईनची कायद्याने मुभा असते. वेलीवर घड मोजकेच ठेवतात.

४) पक्वता : साखर २२ ते २४ ब्रिक्स झाली, तरी आम्लता टिकलेली व साल पिकलेली हवी. आपल्याकडे फेब्रुवारी-मार्चच्या उन्हात साखर झपाट्याने वाढते व आम्लता घटते. म्हणून तोडणीची वेळ चुकवून चालत नाही.

५) मुरवण : शेवटी वाईन २२५ लिटरच्या ओक लाकडाच्या पिंपात वर्ष-दीड वर्ष ठेवतात.

आपण काय ध्यानात घ्यावे?

महाराष्ट्र शासनाने २००१ साली द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचे धोरण जाहीर केले. नाशिक जिल्ह्यात विंचूर व आपल्या शेजारी सांगली जिल्ह्यात पलूस येथे वाईन पार्क आखले गेले. वाईनच्या द्राक्षांची लागवड वाढली. परंतु २००८ नंतरच्या मंदीत विक्री घटली, माल उचलला गेला नाही आणि अनेकांनी बागा काढून टाकल्या. ही द्राक्षे लहान, बियांची व जाड सालीची असल्याने त्यांना बाजार समितीत गिऱ्हाईक मिळत नाही.

दुसरी गोष्ट दराची. चांगल्या वाईनसाठी कारखाना शेतकऱ्यास घड विरळ करून उत्पादन कमी ठेवण्यास सांगतो. दर मात्र वजनावरच दिला, तर चांगल्या मालाचा तोटा शेतकऱ्याच्याच पदरी पडतो. म्हणून लागवडीपूर्वी लेखी करार करावा. त्यात जात, हेक्टरी उत्पादनाची मर्यादा, ब्रिक्सनुसार दर, तोडणीचा दिवस कोणी ठरवायचा व पैसे देण्याची मुदत या बाबी स्पष्ट असाव्यात. करार किती वर्षांचा आहे, तेही पाहावे. वेल एकदा लावली की बरीच वर्षे उभी राहते. एक-दोन वर्षांच्या करारावर मांडवाचा खर्च निघत नाही.

कोल्हापूरच्या बाजारात गुळाचा सौदा प्रत पाहून होतो. वाईनच्या द्राक्षांचाही तसाच व्हावा, हे आधी कागदावर घ्यावे आणि मगच खड्डे काढावेत.