थप्पी ठेवावी की विकावी?

मालेगावच्या (जि. वाशीम) शिवारात सोयाबीनची सोंगणी झाली की घरोघरी एकच खल: आत्ता विकायचं की भाव वाढेपर्यंत थप्पी लावायची? हाच खल आकड्यांत मांडला की झालं गणिती प्रारूप.

समजा, आज क्विंटलला ४२०० रुपये हातात पडतात. तीन महिने थांबलात, तर महिना शेकडा १ रुपयाप्रमाणे व्याज १२६. साठवणीचे ३० धरू. झाले ४३५६. पण बहुतेक जण वजन विसरतात! १४ टक्के ओलाव्याचा माल १० टक्क्यांवर वाळला की १०० किलोचे साधारण साडेपंच्याण्णव किलो उरतात. आतलं ८६ किलो कोरडं द्रव्य तेवढंच, उडतं ते पाणी. म्हणून सुमारे ४५६० भाव मिळाला तरच बरोबरी. माल आधीच वाळलेला असेल, तर ४३५६ पुरे.

भाव वाढेल का, हे प्रारूप सांगत नाही. छातीठोकपणे सांगणाऱ्यापासून मी तरी लांबच राहीन. किती वाढायला हवा, एवढंच ते सांगतं. आणि व्याज शेकडा ३ असेल, तर ओल्या मालाचा तोच आकडा ४८२० वर जातो.